पांढरं ताट

लिमाच्या या टेकडीवर
पाण्याचा टँकर मंगळवारी चढतो
आणि भात रोज शिजतो.

भात, त्याच्या कुशीत उकडलेला बटाटा,
वर झाराभर शेवया,
आणि शनिवारी फोर्तुनातोच्या हातात हमाली पडली
की कडेला पावसुद्धा.
पांढऱ्यावर पांढरं, पांढऱ्याशेजारी पिवळट.
असं ताट वाढताना माझा हात कधी आखडला नाही.
वाफ वर चढते तेव्हा
फळ्यांचं हे खोपट
अर्धा तास तरी घर वाटतं.

परवा शाळेत नर्सबाईंनी
कागदावर वर्तुळ काढलं.
मधोमध रेघ. अर्धं हिरवं रंगवलं.
उरलेल्याचे पुन्हा दोन तुकडे.
"एवढ्यात भात, सेन्योरा. भात किंवा बटाटा."

किंवा!
त्या 'किंवा'कडे मी बघतच बसले.
आमच्या घरात 'किंवा' कधी शिजला नाही.
आमच्याकडे 'आणि' शिजतो,
मोठ्या पातेल्यात, तळाला जरा करपलेला,
त्या खरपुडीवरून पोरं भांडतात.

मी म्हटलं, बाई, गाल बघा माझ्या विल्मेरचे.
उपाशी पोराचे असे असतात?
उपाशी पोराचे गाल मला ठाऊक आहेत,
मी ते नऊ वर्षांची होईतो तोंडावर वागवलेत,
वर डोंगरात,
जिथे बटाटे खणायचे पोत्याने आणि खायचे मोजून.
पोट भरलेलं मूल रात्री रडत नाही,
एवढंच आरोग्यशास्त्र मला आईने दिलं.

रोसाउराबाईंनी वाद घातला नाही.
विल्मेरचं बोट धरलं, टोचलं.
थेंब आला. यंत्राने आकडा दाखवला,
नऊ पॉइंट चार.
मला बाजारातले आकडे कळतात. हा कळला नाही.
"रक्त फिकं आहे," त्या म्हणाल्या.
"पोट भरतंय त्याचं. अंगी लागत नाहीये."

शाळेपासून घरापर्यंत दोनशे बारा पायऱ्या.
विल्मेर दर विसाव्या पायरीवर बसतो.
आळशी आहे म्हणून मी दोन वर्षं त्याला ओरडतेय.
त्या दिवशी त्याच्या शेजारी बसले.
तो म्हणाला, "आई, तू पण दमलीस?"

फोर्तुनातो चिडला.
"भात कमी केलास तर पन्नास किलोचं पोतं
काय कोबीच्या पानावर उचलू?"
त्याचंही खोटं नाही.
या घराची फळीन् फळी भातानेच वर आणली.
मी भातावर आरोप ठेवणार नाही.
तो एकटा पडला होता ताटात, एवढंच.

कोंबडीवाल्या नेलिदाकडे रक्त मिळतं,
थिजलेलं, थरथरतं, जवळजवळ फुकट.
काही जण कुत्र्यासाठी नेतात.
मी कुत्र्याचं नाव घेतलं आणि आणलं.
कांदा, लसूण, पुदिना, मिरची.
परतता परतता ते खिम्यासारखं झालं,
काळंकुट्ट.

यादिराने नाक मुरडलं, "हे काय काळं?"
गालबोट, मी म्हटलं,
एवढ्या पांढऱ्या ताटाला
दृष्ट नको लागायला.

विल्मेरने दोन चमचे खाल्लं,
उरलेलं भाताखाली पुरलं.
मला दिसलं.
काही न बोलता मी त्याचा भात कालवला
आणि वर लिंबू पिळलं,
बाईंनी सांगितलं होतं म्हणून.

महिन्याने पुन्हा बोट टोचणार आहेत.
तोवर माझ्याकडे यंत्र नाही,
पायऱ्या आहेत.
आज तो तेविसाव्या पायरीवर बसला.

की माझंच मोजायला चुकलं असेल.
उद्या मोठ्याने मोजेन.